मथुरा आटोपली

स्वतःच्या मयताला, स्वतःच्याच घरात, स्वतःच चहाचं आधण ठेवून हजर राहिलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल, तर आज बघून घ्या. समोरच बसले आहे. फक्त एक करा, मध्येच हसू नका. हा प्रकार सांगायला लागले की लोक निम्म्यातच हसत सुटतात, आणि माझं दमणं सांगायचं राहूनच जातं. या गोष्टीत हसण्यापेक्षा दमणंच जास्त आहे हो!

नव्वद साल उलटून गेलं होतं. नव्या पनवेलात आमच्या घरी नुकताच फोन आला होता. मी त्रेचाळीस वर्षांची. पहाटे साडेचारला इमारतीखालच्या सामाईक नळाला पाणी यायचं, म्हणजे मी चारला उठायची. सात ते एक शाळेच्या ऑफिसात क्लार्क. तिथे दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले लिहायचे. घरी आलं की सासूबाईंचं पथ्य, मुलांचे डबे, आमच्या ह्यांचा हरवलेला चष्मा. मी बसले की झोपायची आणि झोपले की दचकून उठायची. तुम्ही म्हणाल, सगळ्याच बायका दमतात. दमतात ना! मी कुठे म्हटलं मी एकटीच?

याच दमलेल्या बायकांचा आमचा एक गुरुवार होता. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच आम्ही चौघी एकमेकींच्या घरी जमायचो. मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या पुष्पाताई, वरच्या मजल्यावरच्या शिंदेवहिनी, शेजारची झुबेदा आणि मी. झुबेदाचा नवरा आखातात, माहेर उरणला. नियम एकच. इथे कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही आणि कुणी उठून भांडी घासायची नाहीत.

पुष्पाताई कुठल्याशा महिला शिबिराला दोन दिवस जाऊन आल्या आणि येताना एक खूळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "प्रत्येकीच्या आत लग्नाआधीची एक मुलगी असते. तिला हुडकून काढायचं. एकटीला जमत नाही, म्हणून बाकीच्यांनी मदत करायची."

आता हे ऐकायला सोपं वाटतं. आणि बाकीच्यांना ते गेलंही सोपं! शिंदेवहिनी लहानपणी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायच्या म्हणे. आम्ही आग्रह केला, त्यांनी गॅलरीत उभं राहून एक सणसणीत मारली, खाली दोन रिक्षा थांबल्या. झुबेदा उरणात भावाची सायकल पळवायची. आम्ही तासावर सायकल भाड्याने आणली, इमारतीमागच्या मैदानात तिला बसवलं. तिची ओढणी चेनमध्ये अडकली, ती पडली, गुडघा फुटला आणि तशीच मातीत बसून ती इतकी हसली की आम्हालाच भीती वाटली. पुढचा आठवडाभर ती लंगडत होती, पण चेहरा बघा! पंधरा वर्षांची पोर.

मग माझी पाळी आली. आणि मला काही आठवेना.

आठवेना म्हणजे अगदी कोरी पाटी. पुष्पाताई म्हणाल्या, "डोळे मिट आणि त्या मुलीला मनातल्या मनात हाक मार." मी डोळे मिटले आणि मला झोप लागली. चांगली वीस मिनिटं. बायकांनी मला उठवलं नाही, उलट शिंदेवहिनींनी अंगावर शाल घातली. पण जाग आल्यावर मला रडूच फुटलं. मी त्यांना म्हटलं, मला शिट्टी नको, सायकल नको. मला फक्त एवढंच कळू दे, की दमलेली नसलेली मी कधी होते का, आणि असले तर कशी होते. हे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. आईवडील गेले, भाऊ ताई म्हणतो, त्याला बाकी काही ठाऊक नाही.

हुडकायची तर हाक तरी कुठल्या नावाने मारायची? माझं माहेरचं नाव मथुरा. वडील उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचच्या तिकिटांच्या खिडकीत बसायचे, आणि आख्खा धक्का मला मथुरा म्हणायचा. लग्नात आमच्या ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'शुभांगी' लिहिलं. ते तांदूळ नंतर डब्यात गेले, आणि मथुराही गेली. झुबेदाला याचं फार नवल वाटायचं. म्हणायची, "आमच्यात नवरा बदलला तरी नाव बदलत नाही. तुमच्यात काय, माणूस दुकानातून नवीन आणल्यासारखं नाव घालतात?"

विचार करता करता मला इंदू आठवली. मोऱ्याची माझी जिवाची मैत्रीण. सातवीपर्यंत एका बाकावर. ती लग्न होऊन वलसाडकडे गेली आणि आमची ताटातूट झाली. मी कशी होते हे जगात कुणाला सांगता येईल, तर फक्त इंदूला.

झालं! तिघी कामाला लागल्या. झुबेदाने आपल्या भावाला उरणाहून मोऱ्याला पाठवलं. पहिल्या खेपेला काही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला इंदूची वहिनी भेटली आणि बातमी आली, की पुतण्याच्या लग्नासाठी इंदू आठ दिवस मोऱ्याला आली आहे! भावाने आमचा फोन नंबर आणि पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला आणि निरोप ठेवला, मथुराने आठवण काढली आहे, गुरुवारी तीन वाजता फोन कर.

इथपर्यंत सगळं छान. यापुढचा घोळ माझा.

त्याच आठवड्यात आमच्या सासूबाई यात्रा कंपनीबरोबर काशी, प्रयाग, मथुरा, हरिद्वार अशा निघाल्या होत्या. सगळ्या नातेवाइकांत फोन फक्त आमच्याकडे. त्यामुळे कोण कुठल्या बूथवरून फोन करून यात्रा कुठवर आली ते विचारायचं. काशी झाली का? प्रयाग झालं का? मी रेल्वे स्टेशनावरच्या बाईसारखी सांगत बसायची. रविवारी सासूबाईंचा मथुरेहून फोन आला, की गाडीतल्या निम्म्या मंडळींना जुलाब लागल्यामुळे मथुरेचे दोन दिवस एकातच उरकले आणि आता हरिद्वार.

मंगळवारी सकाळी मला रजा होती. रजा म्हणजे काय, टाकी धुवायची होती. कुकर शिट्ट्या मारतोय, माझे हात कोपरापर्यंत ओले, आणि फोन वाजला. लाइन अशी खराब, की आवाज विहिरीतून यावा.

"हॅलो, मथुरा हाय का?"

आता मला सांगा, वीस-बावीस वर्षांत ज्या नावाने कुणी हाक मारली नाही, ते नाव कानावर आलं की माणसाला काय आठवेल? मला आठवलं तीर्थक्षेत्र! बोलणं गावाकडचं, म्हणून मला वाटलं, पेणच्या मावससासूबाईंनी कामवालीला फोन करायला पाठवलंय.

मी म्हटलं, "मथुरा रविवारीच आटोपली हो."

पलीकडून मग अगदी बारीक आवाज आला, "आटोपली? कशानं?"

"जुलाबानं. दोन दिवस काढायचे होते, पण जुलाबामुळे एकाच दिवसात आटोपली."

पलीकडे खरखर सुरू झाली. मला वाटलं लाइन गेली, म्हणून मी ओरडून पुढचं सांगितलं, की आता सगळे हरिद्वारला गेलेत, गंगेवरचं उरकून शनिवारी परततील, आणि पुढच्या आठवड्यात जेवण घालायचंय, आचारीही सांगितलाय. काशीहून आल्यावर मावंद्याचं जेवण घालतात ना, ते! पलीकडून विचारलं, तुमी कोन. मी म्हटलं, "मी घरीच असते. माझ्याच्याने कुठला प्रवास होतोय आता?" आणि फोन ठेवून टाकीत उतरले.

ती खरखर नव्हती हो. ते रडणं होतं.

गुरुवार उजाडला. पावणेतीनपासून तिघी आमच्याकडे येऊन बसल्या. फोन मधोमध स्टुलावर, त्याच्याखाली शिंदेवहिनींनी विणलेला रुमाल. मी वेणीत अबोली घातली होती. तीन वाजले, सव्वातीन झाले, फोन गप्प. मला वाटायला लागलं, की इंदूलाच मी आठवत नसेन. पुष्पाताईंनी माझा हात हातात घेतला. आणि दाराची बेल वाजली.

दारात दोन बायका. दोघींच्या अंगावर फिक्या साड्या, केसांत फूल नाही. पुढचीच्या भुवईवर जुनी खोक बघितली आणि मी ओळखलं, इंदू! फोन न करता स्वतः आली! तिने माझ्याकडे पाहिलं आणि हंबरडा फोडून माझ्या गळ्यात पडली. मग मीही पडले. आनंदाचे अश्रू म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत मी मनसोक्त रडले. आम्हाला बघून शिंदेवहिनी रडल्या, पुष्पाताईंनी चष्मा काढला, झुबेदा ओढणीत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. पाच मिनिटं आख्खं घर रडत होतं आणि त्यातल्या चौघींचं कारण वेगळं होतं.

मग त्या दोघी येऊन बसल्या त्या थेट जमिनीवर. मी आत जाऊन आधण ठेवून आले, तर दुसरी, म्हणजे इंदूची वहिनी, म्हणाली, "अशा टायमाला चहा नको, मावशी."

मावशी? मला वाटलं, प्रवासाने तिचं डोकं दुखत असेल.

इंदूने डोळे पुसले. "मावशी, जुलाबानं मानूस जातं का हो आजच्या काळात? दवाखान्यात तरी नेलं व्हतं का मथुराला?"

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंगळवारचा तो फोन इंदूचाच, तिला गुरुवारपर्यंत धीर धरवला नव्हता. रविवार, जुलाब, हरिद्वार, गंगा, जेवण, आचारी. मीच! मीच माझ्या तोंडाने मला मारलं, माझ्या अस्थी गंगेत सोडल्या आणि तेराव्याचं आमंत्रणही देऊन मोकळी झाले!

आता सरळ माणसाने काय केलं असतं? तिथल्या तिथे सांगितलं असतं, की अगं मी जिवंत आहे. मीही सांगणारच होते. पण तेवढ्यात इंदू बोलायला लागली.

"अशी पोर व्हनार नाय," ती म्हणाली. मथुरा म्हणजे गाय. कधी कुणाला उलटून बोलली नाही. अर्धी चिंच नेहमी दुसऱ्याला द्यायची. बोलणं इतकं मऊ की धक्क्यावरची मांजरंसुद्धा तिच्या मागे यायची. मास्तर म्हणायचे, शिकायचं तर मथुराकडून शिका.

मी ऐकत राहिले. लाज वाटत नाही मला सांगायला. माझ्याविषयी असं गोड कुणी बोलून किती वर्षं झाली होती! गेल्या महिन्यात आमचे हे म्हणाले होते, आमटी बरी झाली आहे. तेवढंच. इथे मी गाय होते, मऊ होते, मांजरं माझ्या मागे येत होती. मी पदराने डोळे पुसत मनात म्हटलं, अजून दोन मिनिटं, मग सांगते. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे कळतं हो मला! पण आपलंच दूध असलं की माणूस मोजत बसत नाही.

तिघींना प्रकार केव्हाच कळला होता. शिंदेवहिनी छताकडे बघत होत्या. झुबेदा 'मऊ बोलणं' ऐकून माझ्याकडे टकमक बघायला लागली. पण एकीनेही तोंड उघडलं नाही. माझी मुलगी मला सापडते आहे, तर सापडू दे, म्हणून गप्प बसल्या बिचाऱ्या.

इंदू दम घ्यायला थांबली आणि वहिनीने घसा साफ केला. "मावशी, जानारी गेली. पन घरात बाय लागतेच. जावईबापूंना काय वय नाय. माझी चुलतबहीन हाय, शालू. शांत हाय, कामाला वाघ."

इथे मात्र मी म्हटलं, पुरे. शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "इंदू, अगं मथुरा मीच आहे. मी जिवंत आहे. फोनवर घोटाळा झाला."

दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. माझे पिकलेले केस, जाड भिंगं, सुजलेले पाय. मग इंदूने हळूच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं, मावशी. जीव व्हता सुनेवर."

माझं मस्तक फिरायला लागलं. मी उठून रेशनकार्ड आणलं. त्यावर शुभांगी. गॅसचं पुस्तक, शुभांगी. शाळेतलं ओळखपत्र, शुभांगी. जन्मभर दुसऱ्यांना 'ही तीच व्यक्ती' असल्याचे दाखले लिहून देणारी मी, आणि मी मथुरा असल्याचा माझ्या घरात चिठोराही नाही! पुष्पाताई मध्ये पडून सांगायला लागल्या, झुबेदा कळवळून सांगायला लागली, पण जितक्या जास्त जणी सांगतील तितका त्या दोघींना माझा जास्तच कळवळा यायला लागला. इंदू म्हणाली, "बरं हाय, तुमाला शेजार चांगला हाय."

आणि वहिनी तिच्या कानाशी लागली. पण कानगोष्ट करायचा आवाज तिच्याकडे नव्हताच. "म्हातारीचं डोकं गेलंय गो. आता तर घरात बाय पायजेच. मी शालूचं बोलूनच टाकते."

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. बावीस वर्षांत सासूबाईंनी जी बोली माझ्या तोंडातून एकेक शब्द करून काढून टाकली होती, ती सगळीच्या सगळी एकदम बाहेर आली.

"ए भवाने! मी हाय अजून, मेली नाय! तुझ्या शालूला घाल खाडीत! आनि तू गो इंदे, आज रडतेस व्हय? जिती व्हते तवा एक कारड टाकायला हात झडले व्हते तुझे? उठ! उठ आधी माझ्या दारातनं!"

आत चहाचं आधण उकळून उकळून करपलं होतं.

इंदू उभी राहिली. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघितलं. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मथुरे!" ती म्हणाली. "हीच गो वैनी, हीच! अशी मला दुसरी कुनी बोललीच नाय!"

आणि पुन्हा रडारड. या वेळी मात्र सगळ्यांचं कारण एक. करपलेलं फेकून नवीन चहा झाला, वहिनीने दोन कप घेतले आणि शालूचा विषय काढला नाही.

मी इंदूचा हात धरून म्हटलं, "आता सांग. मी खरंच तशी होते? गाय?"

इंदू खो खो हसत सुटली. "गाय? मेलेल्या मानसाचं वाईट कसं बोलायचं, म्हनून बोलली मी!" आणि मग तिने सगळं खरं सांगितलं. मी चिंच द्यायची नाही, दुसऱ्याची हिसकावून घ्यायची. धक्क्यावर पाण्याच्या हंड्यावरून मी रोज भांडायची, रांगेत कुणी मध्ये घुसलं की त्याच्या सात पिढ्या काढायची. तिच्या भुवईवरची खोक माझ्याच पाटीची. एकदा तर खिडकीमागे लपून मी लाँचवाल्याच्या आवाजात ओरडले, सुटली, सुटली, आणि एक आख्खं वऱ्हाड धावत लाँचवर चढलं, नवरदेवासकट. नवरी धक्क्यावरच राहिली. मास्तर माझ्याविषयी काय म्हणायचे, तेही तिने सांगितलं. ते मी इथे सांगणार नाही.

मी ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. खरंच सांगते, फार बरं वाटत होतं. त्या मऊ गायीपेक्षा ही कजाग पोर मला जवळची वाटली. मी डोळे पुसत मैत्रिणींना म्हटलं, "सापडली गं बायांनो. तुमच्यामुळे सापडली माझी मुलगी."

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी झुबेदाला राहवलं नाही.

"शुभा, खुदाची कसम, हिला शोधायला मी भाईजानला दोनदा मोऱ्याला पाठवलं?" ती म्हणाली. "अगं, ही तर रोज पहाटे साडेचारला आम्हाला नळावर भेटते."